नवमीचा पाना

"मार आणखी एक," गाडीखालून हिंदुराव म्हणाला.

मी घण उचलला आणि हाणला. पिन जागची हलली नाही. गंजाची भुकटी तेवढी त्याच्या डोळ्यांत गेली आणि त्यानं माझ्या आज्या-पणज्यांची विचारपूस केली.

"आज्याला मधी आणू नगंस," मी म्हणालो. "असल्या पिना त्यो दातानं उपटायचा."

"मग बोलीव त्याला."

"आला असता रं. पर आंबोलीच्या रानात वाघीण अडलीया, तिचं बाळंतपण कराय गेलाय."

गाडीखालून हसू आलं. हिंदुराव हसला की त्याचं पोट हलायचं आणि पोटावर ठेवलेला पाना घरंगळून खाली पडायचा. तसा तो पडला. पावसाळ्यापासून तो हसला नव्हता, म्हणून मी आणखी चार वाक्यं त्या वाघिणीवर खर्च केली. ट्रकवर आम्ही दोघं बरोबर होतो तेव्हापासून आमची अशीच वाटणी होती. तो गाडी हाकायचा, मी त्याला थापा सांगून जागा ठेवायचो.

अष्टमीची संध्याकाळ होती. आमची सुळ्याची वाडी आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. हिंदुरावच्या खळ्यात त्याची व्हॅन मागची चाकं काढून लाकडी ओंडक्यांवर चढवलेली. डाव्या अंगाचे जुने पाटे उतरवून नवे बसवून झाले होते. उजव्या अंगाचा पाटा अडकवणारी मागची पिन मात्र अडून बसली होती. त्यामुळं गाडी एका कुशीवर कलंडून उभी होती, पाय मुरगळलेल्या म्हशीसारखी.

पाटे म्हणजे चाकावर गाडी तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांची चळत. हिंदुराव बाजारला भाताची पोती वाहायचा. ओझं पेलावं म्हणून त्यानं दोन्ही बाजूंना जादा पट्ट्या भरल्या होत्या, आणि रिकामी गाडी रस्त्यानं नुसती उडायची. पोत्यांची काही तक्रार नव्हती. पण पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा मुलगा आनंदा घराची कौलं परतताना खाली आला, पायरीच्या दगडावर, पाठीवर. त्याला याच गाडीत घालून कोल्हापूरला न्यावं लागलं. मी मागं त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. खड्डा आला की गाडी उडायची आणि पोर ओरडायचं. लग्नाला आलेलं जवान पोर गुरासारखं हंबरायचं. हिंदुराव पुढं हाकत होता. डोंगर उतरेपर्यंत त्यानं एकदाही मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर गाडी दरीत गेली असती.

दवाखान्यात खाटेवर टेकवल्यावर आनंदानं बापाला एवढंच सांगितलं होतं, "आबा, परत नेताना तुमच्या गाडीतनं नगा नेऊ."

आता डॉक्टर त्याला सोडणार होते. पाठीला आणखी काही करण्यासारखं उरलं नव्हतं. कमरेखाली जीव येणार नव्हता, पण पोर शुद्धीत होतं, पेज खात होतं आणि दसऱ्याला घरी न्या म्हणून मागं लागलं होतं. खाटही दसऱ्यालाच रिकामी करून द्यायची होती. सणाच्या दिवशी डोंगर चढून वर यायला दुसरा कोणी गाडीवाला तयार नव्हता, आणि हिंदुरावला तो नकोच होता.

"माझ्याच गाडीतनं आणणार," तो म्हणाला. "पाळण्यातनं आणल्यागत आणतो बग."

त्यानं भंगारबाजार पालथा घालून एका सवारी गाडीचे लांब, पातळ, मऊ पाटे आणले. गॅरेजवाल्यांनी सांगितलं, नवमी आली, आमची हत्यारं पूजेला बसणार, दसऱ्यानंतर या. मग त्यानं खळ्यातच गाडी उचलली आणि मला हाक मारली.

"अवो," सोप्यातून आक्काताईची, म्हणजे त्याच्या बायकोची, हाक आली. "हत्यारं द्या की. धुऊन ठेवते."

"एवढी पिन निघू दे."

"दिस बुडला. उद्या खंडेनवमी."

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं देवापुढं बसतात. कोयता, कुदळ, पहार, पाना, घण, सगळी. हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, आणि दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, तेवढा दिवस त्यांना विसावा. हिंदुराव यात फार कडक होता. ट्रकवर असताना एकदा नवमीलाच निपाणीच्या अलीकडं आमचा टायर बसला. या माणसानं दसरा होईतो ट्रक रस्त्याच्या कडेला उभा ठेवला, पण पान्यावरचं फूल हलवलं नाही. ही थाप नाही. मी तिथं होतो आणि शेजारच्या रानातल्या भुईमुगाच्या शेंगांवर जगलो होतो.

हिंदुराव गाडीखालून बाहेर आला. एकेक हत्यार फडक्यानं पुसून त्यानं बायकोच्या हातात दिलं.

"सकाळी लवकर पूजा कर," तो म्हणाला. "मग बगू."

"मग काय बगायचं?" तिनं विचारलं.

तो वाकून पुन्हा त्या पिनेकडं बघायला लागला.

सकाळी मी गेलो तेव्हा पूजा झाली होती. सोप्यात घोंगडं अंथरून हत्यारं ओळीनं मांडली होती. काल काळीकुट्ट असलेली सगळी राखेनं घासून लख्ख झाली होती. उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. हिंदुराव अंघोळ करून उघड्या अंगानं हत्यारांपुढं बसला होता, आणि आक्काताई मधल्या खोलीत आनंदाच्या खाटेखालची जमीन सारवत होती.

"गावात कुणाचा पाना मिळतोय का बगू?" मी म्हणालो.

"समद्यांचीच पुजलीत. दुसऱ्याच्या देवावरचं फूल काढू? त्यापरास आपल्या देवाच्या शिव्या खाल्लेल्या बऱ्या."

आक्काताई शेणाचे हात तसेच घेऊन दारात आली. "उद्या सोनं लुटून आल्यावर करा. परवा आणा पोराला. एका दिसानं काय हुतंय?"

"खाट उद्या सोडाय पायजे. परवापतोर व्हरांड्यात टाकतील त्याला. आन् त्यो दसऱ्याला वाट बगतोय."

"मला न्हाई बरं वाटत."

"मला वाटतंय व्हय?"

ती आत गेली. सारवण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आता जरा जोरात.

"दौल्या," हिंदुराव म्हणाला, "लिंगाप्पाकडनं बाटलीभर रॉकेल आण. पिन भिजवून बगू. तवर मी ठरवतो." बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याची नजर पान्यावर होती.

लिंगाप्पाचं दुकान चावडीपाशी. वजनकाट्याला हळदकुंकू, मापांना फुलं, गल्ल्याला हार. लिंगाप्पा स्वच्छ धोतर नेसून नुसता बसला होता, सासुरवाडीला आल्यासारखा.

"आज माप उचलत न्हाई," तो म्हणाला.

"मापाबिगर दे."

"मापाबिगर धंदा केला तर बाप सपनात येतोय. तसं कर, त्यो कंदील घे आन् त्यातलं वतून घे."

मी कंदील उघडून बाटलीत रॉकेल ओतत होतो, तेवढ्यात फोन वाजला. गावात फोन तेवढा एकच. त्याच्यावरही झेंडू होता. लिंगाप्पानं दोन बोटांनी फूल बाजूला ठेवलं, फोन कानाला लावला आणि माझ्याकडं केला. "हिंदुरावच्या जावयाचा. घे."

जावई म्हणजे रंगराव. आनंदाच्या उशाला तोच राहिला होता.

"मामा हायत का?" पलीकडून त्यानं विचारलं.

"मामा कामात हायत. मी दौलूकाका. बोल."

मग रंगराव म्हणाला, "काका, आनंदा गेला."

मी बाटली काउंटरवर ठेवली.

"कवा?"

"पहाटं. मी व्हरांड्यात पडलो हुतो. जाग आली म्हणून आत गेलो, तर हात गार. काल राती माझ्याशी बोलत हुता, काका. घरी गेल्यावर शेवयाची खीर पायजे म्हणत हुता."

"मग आता व्हय सांगतोस, उन्हं वर आल्यावर?"

"काय करू? बूथवाल्यानं आधी फोनची पूजा केली, मग मला दिला. त्याआधी हात लावू देईना. नवमी हाय म्हणाला."

"बरं," मी म्हणालो. "बरं. येतोच आम्ही. तू तिथंच थांब."

फोन ठेवला. लिंगाप्पानं फूल पुन्हा फोनवर ठेवलं. "काय म्हणतोय जावई? कवा येतोय पोरगा?"

"येतोय," मी म्हणालो.

खळ्यात शिरलो तर गाडीखालून हिंदुरावचे पाय दिसत होते. सोप्यात घोंगड्यावर, घण आणि पहारीच्या मध्ये, पान्याएवढी जागा मोकळी होती. तिथलं झेंडूचं फूल उचलून कडेला नीट ठेवलेलं होतं.

"आणलंस का?" खालून आवाज आला. "उचलला बग शेवटी. देवाला सांगितलं, रागवायचं आसंल तर माझ्यावर राग. हात मोड, डोळं फोड, काय करायचं ते मला कर. पोराला हात लावू नगंस."

"भाईर ये जरा."

"कशाला?"

"चा घेऊ."

"चा कसला पितोस? आत ये, पहार धर. पाटा धरणारे यू-क्लॅम्प सगळे सोडलेत, पाटा जॅकवर लोंबतोय नुसता."

मी वाकून बघितलं. गाडीचं धूड ओंडक्यांवर आणि जॅकवर, खाली हा माणूस, आणि त्याच्या छातीच्या वर बोटभर अंतरावर पोलादी पाटा लटकत होता. त्याला तिथं काय सांगणार होतो? दचकून उठला असता तर एका घरातून दोन मढी उचलावी लागली असती. मी घोंगड्यावरची पहार उचलली, फुलासकट. आत सरकलो आणि त्याच्या शेजारी उताणा पडलो.

पिनेवर रॉकेल सोडलं. ते झिरपेपर्यंत थांबायचं होतं. आम्ही दोघं गाडीचं पोट बघत पडून राहिलो.

"गप का आज?" तो म्हणाला. "वाघीण बाळंत झाली का न्हाई?"

"झाली."

"काय झालं?"

"ल्योक."

"सांग की मग पुढं. का तुझा आज्या बारसं खाऊनच येणार?"

मला वाघिणीचं पुढचं सुचेना. मी धुक्याची गोष्ट काढली. ती त्याला पाठ होती, पण तो पुनःपुन्हा मागायचा. आंबोलीहून ट्रक रिकामा निघाला होता म्हणून आम्ही तिथलं धुकं पोत्यांत भरलं, तोंडं सुतळीनं शिवली आणि भर उन्हाळ्यात सोलापूरला नेऊन विकलं. एका बाईनं हौसेनं पोतं घरात मोकळं केलं, तर तिचा नवराच त्यात हरवला. सगळी गल्ली कंदील घेऊन त्याच्या घरात हिंडत होती. माझं तोंड आपोआप चाललं होतं, जात्यातून पीठ पडावं तसं. मी दुसरीकडंच कुठंतरी होतो.

"आन् सापडला तवा?" हिंदुराव आधीच हसायला लागला होता.

"सापडला तवा शेजारणीच्या घरात."

"धुकं तिथवर गेलं हुतं!"

"धुकं कसलं, त्योच गेला हुता."

हसता हसता त्यानं पिनेवर ठोका दिला आणि ती सुटली. कालपासून घणाचं न ऐकलेली पिन, त्या हसण्यातल्या ठोक्याला चटकन बाहेर आली. "आली! आली गं, आक्का!" तो ओरडला. मधल्या खोलीतून तिनं काहीतरी उत्तर दिलं.

मग जुना पाटा उतरवला. नवा उचलून धरला, एका टोकाला पिन घातली, दुसरं टोक पहारीनं रेटत रेटत जागेवर आणलं. मधे एकदा तो पाणी प्यायला बाहेर आला आणि ओंडक्यावर बसला. तेव्हा सांगता आलं असतं. पण गाडी एका बाजूनं तशीच उघडी होती, आणि आनंदाला आणायला तीच गाडी होती. आता ऐकल्यावर हा माणूस पुन्हा पाना धरणार नव्हता, आणि माझ्या एकट्याच्यानं पाटा बसणार नव्हता. मी त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि म्हणालो, "चल, क्लॅम्प आवळून घेऊ."

हिंदुराव प्रत्येक नट दोनदा आवळत होता. मग पुन्हा हात फिरवून बघत होता. "ह्यो ढिला ऱ्हायला तर कुरकुर करील," तो म्हणाला. "आवाजानंसुदीक त्रास हुईल त्याला."

चाकं चढवली. जॅक उतरवला. गाडी हळूच खाली बसली आणि दोन्ही बाजूंनी सारखी झाली. हिंदुरावनं मागच्या कोपऱ्यावर तळहात दाबला. गाडी खाली गेली, वर आली, आणि पुन्हा एकदा हळूच हेलावून थांबली. तो माझ्याकडं वळला. त्याचे डोळे भरले होते.

"आक्का!" त्यानं हाक मारली. "ये गं. गादी आण."

त्यानं आनंदासाठी भरलेली नवी कापसाची गादी गाडीत अंथरली. "झोप त्यावर," तो बायकोला म्हणाला.

"या बया! मी कशाला?"

"पोराच्या जागी झोप. मी गाडी फिरवतो. कुठं लागलं तर सांग."

ती लाजत, पदर सावरत आत चढली आणि पाठीवर पडली. हिंदुरावनं गाडी सुरू केली आणि खळ्यातून बाहेर काढून वाडीच्या पाणंदीनं, दगडा-ढेकळांतून नेली. परत आणली. मी खळ्यात उभा होतो. गाडी वळली तसा आतून आक्काताईच्या हसण्याचा आवाज आला, लहान मुलीसारखा.

"लागतंय का?" पुढून तो ओरडला.

"न्हाई वो! पाळण्यागत वाटतंय. झोप लागंल पोराला."

गाडी थांबली. तो उतरला. पाना अजून त्याच्या हातातच होता. "काय दौल्या? झाला का न्हाई पाळणा?"

मी त्याचा दंड धरला.

"हिंदुराव, रंगरावचा फोन आला हुता."

"उद्या कवा या म्हणतोय?"

"आनंदा गेला रं."

मागचं दार उघडून आक्काताई पाय खाली सोडून बसली होती. ती तशीच बसली. तिचा आवाज बऱ्याच वेळानं आला आणि मग दिवसभर थांबला नाही.

हिंदुरावनं हातातल्या पान्याकडं बघितलं. "कवा?"

"पहाटं."

"कवा म्हटलं मी."

"पहाटं, मर्दा. तू पाना उचलायच्या कितीतरी आधी. पूजा हुयाच्याबी आधी. रंगराव सोता बोलला. देवाशपथ."

मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मला असा हात लावला असेल.

"दौल्या, आजवर लई ऐकल्या तुझ्या," तो म्हणाला. "ही सगळ्यांत चांगली हाय."

"थाप न्हाई रं ही! लिंगाप्पाला इचार. फोन त्यानंच घेतला हुता."

"लिंगाप्पानं काय ऐकलं?"

लिंगाप्पानं फक्त माझं ऐकलं होतं. आणि पोरगा येतोय म्हणून मीच त्याला सांगितलं होतं.

हिंदुराव सोप्यात गेला. पाना घोंगड्यावर त्याच्या मोकळ्या जागेत ठेवला. कडेचं फूल उचलून त्याच्यावर ठेवलं. "मला कर म्हटलं हुतं," तो हत्यारांना म्हणाला. "मला."

आम्ही कोल्हापूरला गेलो. तो फाटकाशी गाडी लावत होता, तोवर मी आत जाऊन रंगरावला गाठलं आणि म्हटलं, मामा विचारतील, जे घडलं तसंच सांग. हिंदुराव आला. रंगरावनं रडत रडत सांगितलं, पहाटं गेला, मामा. हिंदुरावनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवली. मी आधी आत का गेलो, ते त्याला कळलं होतं. म्हणजे त्याला तसं वाटलं. रात्रपाळीची नर्स घरी गेली होती. डॉक्टर सकाळच्या फेरीला आले तेव्हा त्यांनी बघितलं, आणि कागदावर तीच वेळ घातली. मी रॉकेल ओतत होतो आणि इकडं त्यानं पाना उचलला होता, त्या सुमाराची. हिंदुरावनं तो कागद माझ्यापुढं धरला. "बग," तो म्हणाला. मी पुष्कळ समजावलं. डॉक्टर कधी येतात, वेळ कशी लिहितात, सगळं. जेवढं समजावत गेलो तेवढं ते रचलेलं वाटायला लागलं. मलासुद्धा.

येताना तोच हाकत होता. मी मागं आनंदाजवळ बसलो होतो. गाडी खरंच पाळण्यासारखी चालत होती. मागून हॉर्न वाजत होते, लोक शिव्या देऊन पुढं जात होते, पण त्यानं बैलगाडीचा वेग सोडला नाही. प्रत्येक खड्डा वळसा घालून चुकवला. डोंगर चढताना एका जागी मात्र सगळा रस्ताच खचला होता, तिथं चुकवायला जागा नव्हती. गाडी हळूच खाली गेली, वर आली. हिंदुरावनं मान मागं वळवली आणि कान दिला. मग पुढं बघून पुन्हा हाकायला लागला.

पुढं त्यानं ती गाडी विकली. घेणाऱ्याला पोती वाहायची होती, त्यानं पहिल्यांदा ते मऊ पाटे काढून टाकले. हिंदुरावनं नंतर कुठल्याच हत्याराला हात लावला नाही. नळाची तोटी गळली तरी माणूस बोलवायचा. आक्काताई दर नवमीला हत्यारं घासून मांडायची, फुलं वाहायची, आणि तो समोर बसून राहायचा. ती त्या गादीवर हसत होती तेव्हा मी खळ्यात उभा होतो आणि मला ठाऊक होतं, याबद्दल तिनं मला कधी बोल लावला नाही. फक्त माझ्या थापांना ती पुन्हा हसली नाही. आता तीही नाही.

ती गेल्यापासून नवमीच्या सकाळी मी त्याच्याकडं जातो. दोघांचेही गुडघे गेलेत, सोप्यात भिंतीला टेकून बसतो. हत्यारं कोणी मांडत नाही. चहा झाला की तो डोळे मिटतो आणि म्हणतो, "ती पहाटंची सांग."

मी सांगतो. वर्षानुवर्षं सांगतोय. कधी साधी सांगून बघितली, कधी शपथा घालून, एकदा तर रंगरावला शेजारी बसवून. तो लक्ष देऊन ऐकतो. कुठं फरक पडला की बरोबर पकडतो. "मागल्या साली रंगराव बाकावर झोपला हुता, यंदा तू त्याला फरशीवर घातलास." मग माझाच गोंधळ उडतो, की बाक होता का फरशी होती.

यंदा मी एक गोष्ट नव्यानं घातली. रंगराव फोनवर म्हणाला होता की दवाखान्याच्या मागं झोपडपट्टी आहे, तिथलं कोंबडं आरवलं, त्यानं त्याला जाग आली, म्हणून तो उठून आत गेला. अगदी असंच म्हणाला होता. इतकी वर्षं मी ते कोंबडं मुद्दाम गाळत आलो. माझ्यासारख्याच्या तोंडी पहाटेला कोंबडं आलं की ऐकणारा हसणारच. मघाशी तुम्हांलाही सांगितलं नाही, ते त्याच कारणानं. पण यंदा म्हटलं, आता किती नवम्या उरल्यात, खरं आहे तेवढं सगळं एकदा त्याच्यापुढं ठेवावं. म्हणून मी जसं घडलं तसं सांगितलं, कोंबड्यासकट.

हिंदुराव डोळे मिटूनच ऐकत होता. कोंबडं आरवलं तसे त्यानं डोळे उघडले.

"कोंबडं चांगलं हाय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे ते."